रेमडेसिविर पेटंटमुळे अडलं नव्हतं: औषध रुग्णापर्यंत पोहोचत नाही तेव्हा नेमकं काय अडतं

तुमचा प्रश्न मी असा समजलो. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात कोविडवरच्या रेमडेसिविर इंजेक्शनच्या सहा वायलसाठी (औषधाच्या छोट्या बाटल्यांसाठी) तुमच्या घरच्यांनी मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि गंजीपेठचा दवाबाजार पालथा घातला, तरी वेळेवर औषध मिळालं नाही. औषध कंपन्यांनी पेटंटचा हक्क सोडला असता तर ते मिळालं असतं का? आणि पुढची साथ आली तर या कंपन्यांवर किती भिस्त ठेवायची?

रेमडेसिविरपुरतं बोलायचं तर पेटंट सोडून काही फरक पडला नसता. भारतीय कंपन्यांना ते बनवायची परवानगी मे २०२० पासूनच मिळायला लागली होती. दुसऱ्या काही औषधांत मात्र पेटंट हाच एकमेव अडसर असतो आणि तो निघाला की किंमत धाडकन कोसळते. म्हणून कंपन्या चांगल्या की वाईट हे ठरवण्याआधी औषध कुठे अडलंय ते शोधावं लागतं. रुग्णालयाच्या औषधखरेदीत आम्ही ते क्रमाने बघतो. बनवायचा हक्क कुणाला आहे, बनवायची यंत्रणा कुणाकडे आहे, कच्चा माल कुठून येतो, पक्की ऑर्डर कुणी आणि कधी दिली, आणि माल चांगल्या स्थितीत वॉर्डात येतो का. यातलं एक जरी अडलं तरी रुग्णासाठी औषध नाहीच.

आता रेमडेसिविर. मूळ कंपनी गिलियड. तिने १२ मे २०२० ला परवाने जाहीर करायला सुरुवात केली आणि सिप्ला, हेटेरो, ज्युबिलंट, मायलन, डॉ. रेड्डीज, झायडस, सिंजिन अशा भारतात उत्पादन करणाऱ्या सात कंपन्यांना ते मिळाले. १२७ देशांत विकायची मुभा होती आणि साथीची आणीबाणी असेपर्यंत रॉयल्टीही नव्हती. तरी एप्रिलमध्ये माल का नव्हता? २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रुग्ण कमी झाले, मागणी आटली आणि कंपन्यांनी उत्पादन खाली आणलं. मुदत संपणारं इंजेक्शन ऑर्डर नसताना कुणी बनवून ठेवत नाही. बनवून ठेवा, नाही विकलं तर पैसे आम्ही देऊ, असं सांगणारा खरेदीदारही तेव्हा पुढे आला नव्हता.

मागणी उसळल्यावर कारखाना लगेच का पुरवू शकत नाही, हे एका वायलकडे पाहिलं की कळतं. औषध जेमतेम १०० मिलिग्रॅम. पण ते पाण्यात विरघळावं म्हणून प्रत्येक वायलमध्ये सुमारे ३ ग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिनचा एक खास प्रकार घालावा लागतो, म्हणजे औषधाच्या तीसपट. तो बनवणारे थोडे. म्हणूनच २० एप्रिल २०२१ ला केंद्राने रेमडेसिविरच्या मूळ द्रव्यावरचं आयातशुल्क काढलं तेव्हा या सायक्लोडेक्स्ट्रिनवरचंही काढलं. द्रावण निर्जंतुक गाळून वायलमध्ये भरतात, मग ते गोठवून निर्वातात सुकवतात. हे सुकवणं घाई करून उरकता येत नाही, तापमान पटकन वाढवलं की आतली वडी खचते आणि पूर्ण बॅच फेकावी लागते. त्यानंतर निर्जंतुकतेची चाचणी, ज्यात नमुने १४ दिवस उबवून बघतात. हे सगळं धरलं तर आज सुरू केलेली बॅच तीन आठवड्यांनी स्टॉकिस्टकडे येते. तीन आठवड्यांत दुसऱ्या लाटेने शिखर गाठलं.

थोडा हिशेबही करून बघा. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, पुढचे चार दिवस १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका रुग्णाला सहा वायल. देशात रोज साडेतीन लाख नवे रुग्ण येत असताना त्यातल्या दहापैकी एकालाच हे औषध दिलं तरी महिन्याला साडेदहा लाख रुग्ण आणि ६३ लाख वायल होतात. एप्रिलच्या सुरुवातीला सातही कंपन्यांची मिळून क्षमता महिन्याला ३८.८ लाख वायल होती. ती पुढच्या काही आठवड्यांत तिपटीवर नेली, पण तोवर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला शहरासाठी १०,००० वायल सोडण्याचा आदेश द्यावा लागला होता. न्यायालय असलेल्या वायल कुणाला द्यायच्या ते ठरवू शकतं. नसलेल्या वायल आदेशाने तयार होत नाहीत.

यातली एक बाजू जाहीरपणे क्वचित बोलली जाते, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. रेमडेसिविरने मृत्यू टळतात असा ठोस पुरावा तेव्हा नव्हताच. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये दाखल रुग्णांत ते वापरू नका अशी सशर्त शिफारस केली होती. ज्या औषधाने जीव वाचतात हे सिद्ध झालं ते होतं डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त दहा दिवस. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत त्याने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांत एक पंचमांशाने घटतात. पेटंट कधीचं संपलेलं, कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये काही रुपयांत मिळणारं औषध. ही चाचणी विद्यापीठाने सरकारी पैशातून केली. स्वस्त औषधावर इतकी मोठी चाचणी करण्यात कुठल्याच कंपनीचा फायदा नसतो. म्हणून साथीच्या काळात औषधांच्या चाचण्या कंपन्यांवर सोडू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशी आली आणि तसाच प्रकार तिच्यावरच्या लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म कवचात भरलेल्या ॲम्फोटेरिसिनचा झाला. मूळ औषध १९५० च्या दशकातलं, पेटंटचा प्रश्नच नाही. मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम रोज. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा वायल एका दिवसाला. तीन आठवडे उपचार चालला तर एका रुग्णाला १२६ वायल. एरवी ज्याची वर्षाला मोजकी विक्री, त्याची एवढी मागणी एकदम आली. अडलं ते औषधाभोवतीच्या मेदाच्या कवचापाशी. त्या शुद्धतेचे लिपिड पुरवणारे जगात थोडे आहेत, आणि अतिसूक्ष्म कण एकाच मापाचे काढणारी यंत्रणाही थोड्यांकडे. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने मे अखेरीस ॲम्फोटेरिसिनचं इमल्शन काढलं. ते १,२०० रुपयांना देऊ असं जाहीर झालं, तेव्हा बाजारातला भाव ७,००० च्या आसपास होता. विदर्भाला त्याचा खरोखर आधार झाला. इथे खरेदी करणाऱ्याने एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. साधं, इमल्शन आणि लायपोसोमल हे तीन प्रकार एकमेकांच्या जागी त्याच मात्रेत देता येत नाहीत. साध्याची मात्रा बरीच कमी असते, ते किडनीवर घाव घालतं आणि हळू चढवावं लागतं. सलाइनमध्ये टाकलं तर साका बसतो, ५ टक्के डेक्स्ट्रोजच लागतं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वारंवार बघावं लागतं. टंचाईत मिळेल तो प्रकार वॉर्डात पाठवला आणि मात्रेची चिठ्ठी सोबत गेली नाही, की औषध मिळूनही रुग्णाचं नुकसान होतं.

आता पेटंट खरोखर आडवं येतं ती उदाहरणं. एचआयव्हीची तिहेरी औषधं २००० साली एका रुग्णाला वर्षाला १०,००० ते १५,००० डॉलर पडत. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने ती वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. हे शक्य झालं कारण १९७० च्या आपल्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. २००५ पासून रेणूवरही पेटंट मिळू लागलं आणि तो रस्ता अरुंद झाला. तरी कायद्यात दोन दारं राहिली. पहिलं सक्तीच्या परवान्याचं, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देण्याचं. मार्च २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी तो मिळाला आणि महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आली. पण कलम ८४ खाली असा अर्ज करायला पेटंट मिळून तीन वर्षं व्हावी लागतात, आधी कंपनीकडे परवाना मागावा लागतो आणि मग सुनावण्या. साथीसाठी ही वाट फार लांबची. त्यासाठी कलम ९२ आहे, ज्यात केंद्राने राष्ट्रीय आणीबाणी अधिसूचित केली की हा वेळ वाचतो. कोविडमध्ये ते वापरलं गेलं नाही.

दुसरं दार कमी लोकांना ठाऊक आहे: पेटंट मिळण्याआधी त्याला कुणीही हरकत घेऊ शकतो. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. त्याच रेणूच्या क्षाररूपावर नवं पेटंट घेऊन मुदत आणखी चार वर्षं लांबवायचा प्रयत्न झाला. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या क्षयातून बऱ्या झालेल्या दोघींनी त्याला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. एका रुग्णाच्या सहा महिन्यांच्या कोर्सला १०० मिलिग्रॅमच्या १८८ गोळ्या लागतात, आणि चार वर्षांत असे किती रुग्ण येतात याचा विचार केला की या हरकतीचं मोल समजतं. नागपुरातल्या एखाद्या संस्थेला हे करायचं असेल तर पेटंट कार्यालयाच्या इनपास शोधयंत्रणेत अर्ज सापडतात. हरकत पेटंट मंजूर होण्याआधी गेली पाहिजे. नंतर फक्त एक वर्ष असतं आणि तेही ज्याचा हितसंबंध आहे त्यालाच.

लशीचं गणित निराळं, कारण तिथे हक्क मिळाला तरी हातोटी मिळत नाही. मॉडर्नाने ऑक्टोबर २०२० मध्ये साथ असेपर्यंत पेटंटवरून कुणाला अडवणार नाही असं जाहीर केलं. तरी दुसऱ्या कुणी ती लस पटकन बनवली नाही, कारण कृतीतले बारकावे पेटंटमध्ये लिहिलेले नसतात. केप टाउनच्या आफ्रिजेन या कंपनीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने प्रकाशित माहितीवरून सगळं पुन्हा जुळवावं लागलं. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने २ ऑक्टोबर २०२० ला जागतिक व्यापार संघटनेत मांडलेला पेटंटच्या बंधनातून सवलतीचा प्रस्ताव मंजूर झाला तो जून २०२२ मध्ये, तोही फक्त लशींपुरता. तोवर टंचाई सरली होती. उलट ॲस्ट्राझेनेकाने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला तंत्र हातात दिलं, माणसं शिकवली, म्हणून तिथे कोट्यवधी डोस तयार झाले. कंपनीचं मोल ठरवताना मी हेच बघतो: नुसता परवाना दिला की तंत्रही दिलं?

पण सीरमकडेही क्षमता एका रात्रीत आली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेट्स फाउंडेशन आणि गरीब देशांना लशी पुरवणाऱ्या गावी या संस्थेने १५ कोटी डॉलर आधीच दिले, बदल्यात डोसची किंमत ३ डॉलरच्या वर न्यायची नाही अशी अट घातली. अमेरिकेने फायझरला १० कोटी डोसची १९५ कोटी डॉलरची ऑर्डर जुलै २०२० मध्ये दिली, लस सिद्ध होण्याआधी. आपल्या केंद्र सरकारची सीरमला पहिली ऑर्डर ११ जानेवारी २०२१ ला गेली, १ कोटी १० लाख डोसची, आणि क्षमता वाढवायला मोठी आगाऊ रक्कम मिळाली ती एप्रिलमध्ये, लाट डोक्यावर आल्यावर. दरम्यान निर्यात थांबली आणि कोव्हॅक्स या लसवाटपाच्या जागतिक योजनेच्या भरवशावर असलेले आफ्रिकेतले देश उघडे पडले. त्याच सुमाराला लस बनवायला लागणाऱ्या बायोरिॲक्टरच्या पिशव्या आणि गाळण्या अमेरिकेतून अडल्या होत्या. जो आधी पैसे मोजतो त्याचा माल आधी निघतो. दरही सगळ्यांना सारखा नव्हता. दक्षिण आफ्रिकेला सीरमकडून ॲस्ट्राझेनेकाची लस डोसला ५.२५ डॉलरने मिळाली, युरोपीय संघाला त्याच लशीचा डोस २ डॉलरच्या थोडा वर पडला. करार गुप्त असले की असं होतं. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या कंपनीचे दर उघड झालेच पाहिजेत, यात मला दुमत दिसत नाही.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने साथ-करार मंजूर केला. त्यात सहभागी कंपन्यांनी साथीच्या वेळी तयार होणाऱ्या मालाचा २० टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेला द्यायचा, त्यात किमान १० टक्के दान आणि बाकीचा परवडणाऱ्या दराने, असं कलम आहे. बदल्यात विषाणूचे नमुने आणि जनुकीय माहिती कंपन्यांना लवकर मिळणार. या देवाणघेवाणीचं परिशिष्ट मंजूर झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही, म्हणजे खरी ओढाताण त्या परिशिष्टात आहे. युरोपीय संघाने याहून रोखठोक मार्ग धरला. २०२३ मध्ये त्यांनी वर्षाला ३२.५ कोटी डोसची उत्पादनक्षमता पैसे देऊन राखून ठेवली. लस कुठली लागेल ते ठाऊक नसतानाही कारखाना, माणसं आणि कच्चा माल तयार राहतो. भारताने असंच काही करावं असं मला मनापासून वाटतं, कारण कारखाने आपल्याकडे आहेतच.

साथ नसतानाचं चित्र विदर्भात रोज दिसतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर हायड्रॉक्सियुरिया हे जुनं, स्वस्त औषध. पण बाजारात सहज मिळते ती ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅमने १८० मिलिग्रॅम लागतात. आई कॅप्सूल फोडून अंदाजाने भाग करणार, आणि ती पूड हाताळायला घातक. मुलांसाठीची मात्रा स्वस्त आणि सगळीकडे का मिळत नाही, तर गोंदिया-गडचिरोलीच्या गरीब मुलांच्या बाजाराकडे बघून फारसं कुणी यंत्रणा उभी केली नाही. त्याच आजारावरच्या एका जनुकीय उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. उलट उदाहरणही इथलंच. २०१९ च्या सुरुवातीला हत्तीरोगाच्या तिहेरी औषधाची मोहीम देशात सर्वांत आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत नागपूर होतं. त्यातलं आयव्हरमेक्टिन अमेरिकेतली मर्क १९८७ पासून दान देत आली आहे, आधी नदीअंधत्वासाठी आणि पुढे हत्तीरोगासाठीही. कंपनीने मनावर घेतलं तर किती होतं ते यातून कळतं. पण दानाचं औषधही घरोघरी नेऊन, उंचीच्या पट्टीवर मात्रा मोजून, समोर गिळायला लावणारी आशाताई नसेल तर गोदामातच राहतं.

आणि दर्जा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लहान मुलं किडनी निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली आणि त्यातली अनेक दगावली. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघालं. मर्यादा ०.१ टक्का आहे. स्वस्तात औषध मिळवण्याच्या गप्पा करताना हे विसरता येत नाही. सिरप घेताना त्यात वापरलेल्या ग्लायकॉलच्या किंवा ग्लिसरिनच्या बॅचचा तपासणी अहवाल मागणं, हे खरेदी करणाऱ्याचं कामच आहे.

पुढच्या साथीत कुठलं औषध लागेल हे रोगावर अवलंबून आहे, त्यामुळे अमुक इंजेक्शनचा साठा करा असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण आपल्या पातळीवर करण्यासारखं बरंच आहे. दरकरार म्हणजे ऑर्डर नव्हे. त्यात फक्त भाव ठरतो, कंपनीवर ठरावीक संख्या द्यायचं बंधन नसतं. निविदेत किमान किती उचलणार ते लिहा आणि काम दोघांत ७०:३० वाटा. दोन पुरवठादार घेतले तरी दोघांचं मूळ द्रव्य एकाच कारखान्यातून येत असेल तर तो एकच पुरवठादार समजा. हे विचारायचं राहून जातं, आणि चीनमधला एक कारखाना बंद पडला की दोघंही एकाच दिवशी हात वर करतात.

मागणी काढतानाची नेहमीची चूकही इथेच सांगतो. सहा महिन्यांत १,८०० वायल लागल्या म्हणून महिन्याला ३०० धरतात. पण १८० दिवसांत ४५ दिवस साठा शून्य असेल तर त्या १,८०० वायल १३५ दिवसांत गेल्या, म्हणजे खरी गरज महिन्याला ४०० ची. जुन्या टंचाईवरून नवी मागणी काढली की टंचाई कायमची होते. माल यायला दोन महिने लागत असतील तर ८०० वायल उरल्यावर नवी ऑर्डर गेलीच पाहिजे, आणि वर एक महिन्याचा राखीव साठा. माल उतरवताना मुदतीचा किमान तीन चतुर्थांश भाग शिल्लक हवा. आणि नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत ट्रक ट्रान्सपोर्टच्या आवारात दिवसभर उभा राहिला तर ३० अंशांखाली ठेवायचं औषध कागदावर चांगलं आणि वायलमध्ये बिघडलेलं असू शकतं. तापमाननोंदणीचं यंत्र खोक्यात ठेवायची अट घाला.

शेवटी थकीत बिलं. चांगल्या कंपन्या सरकारी निविदांकडे का फिरकत नाहीत असं विचारलं जातं. पैसे वर्ष-वर्ष अडकतात म्हणून. साथ आली की त्याच कंपन्या आधी पैसे देणाऱ्याकडे जातात. तामिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळाने १९९४ पासून एकत्रित खरेदी, बॅचनिहाय तपासणी आणि वेळेवर देयकं यांची घडी बसवली. महाराष्ट्रातही २०२३ च्या कायद्याने खरेदी प्राधिकरण आलं आहे. तुम्हाला नागपुरात याचा पाठपुरावा करायचा असेल तर माहितीच्या अधिकारात आपल्या रुग्णालयाकडून दोनच गोष्टी मागा: गेल्या वर्षात अत्यावश्यक यादीतली कुठली औषधं किती दिवस शून्यावर होती, आणि पुरवठादारांची बिलं सरासरी किती दिवसांनी चुकती झाली. ते आकडे हातात घेऊन जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांकडे जा.